पोते सुटले, पण पोचले का?

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे, हे आधीच सांगून टाकतो. रेशनच्या धान्याचा भरवसा मोजायचा कसा, हा तो विषय. आमच्या घरातली तरुण मंडळी म्हणतील, नानांना आता दुसरे काही सुचत नाही. पण ज्यांच्या घरी महिन्याचा गहू-तांदूळ दुकानातून किंवा मोबाइलवर बोट दाबून येतो, त्यांनीच हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी इच्छा आहे. ज्यांच्या घरी तो रेशनवर येतो, त्यांना यातले सगळे आधीच ठाऊक आहे.

वर्तमानपत्रात अधूनमधून एक ठरावीक वाक्य येते: अमुक तालुक्यात नियतनाच्या अमुक टक्के धान्याची उचल झाली. नियतन म्हणजे त्या महिन्यासाठी मंजूर झालेले धान्य आणि उचल म्हणजे गोदामातून बाहेर काढलेले. आकडा बहुधा नव्वदीच्या पुढचा असतो आणि वाचणाऱ्याला बरे वाटते. माझे म्हणणे असे की हा आकडा खरा असला, तरी ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो दिला जातो त्या प्रश्नाचे ते उत्तरच नाही. पोते गोदामातून सुटले हे तो सांगतो. ते कोणाच्या घरात, कोणत्या तारखेला, किती भरले आणि त्यासाठी किती खेटे पडले, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

आधी या धान्याची वाट पाहू. भारतीय अन्न महामंडळ १९६५ साली स्थापन झाले. त्याच्या गोदामातून धान्य निघते ते तालुक्याच्या शासकीय गोदामात येते. तिथून वाहतूक ठेकेदाराच्या गाडीने रास्त भाव दुकानात. दुकानात पॉस मशीन. मशीनवर अंगठा. मग तराजू आणि मग पिशवी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. महाराष्ट्रात या कायद्याखाली सुमारे सात कोटी माणसे येतात. म्हणजे ही गंमत चाललेली नाही. जगातल्या अनेक देशांची लोकसंख्याही एवढी नाही.

आता थोडे गणित. मी भाषेचा मास्तर, बी. ए. मराठीत केलेले, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळेच विषय शिकवावे लागत, त्यामुळे एवढे येते. समजा या साखळीत पाच कड्या आहेत. गोदामात धान्य वेळेवर आले, गाडी वेळेवर लागली, दुकान उघडे होते, मशीनने अंगठा ओळखला आणि माप पुरे पडले. प्रत्येक कडी शंभरातून पंच्याण्णव वेळा नीट चालते असे धरू. पंच्याण्णव म्हणजे वर्गात पहिला नंबर. पण घरात धान्य नीट पोचायला पाचही कड्या एकाच वेळी नीट चालाव्या लागतात. तेव्हा ०.९५ ला ०.९५ ने असे गुणत जायचे. उत्तर येते ०.७७ च्या आसपास. म्हणजे प्रत्येक खात्याने पंच्याण्णव टक्के गुण मिळवले आणि तरी शंभरातल्या तेवीस घरांत त्या महिन्यात काहीतरी बिघडले. प्रत्येक कडी नव्याण्णव टक्के चालली, तरच एकूण पंच्याण्णव पडतात.

पाचही जणांना विचारले तर पाचही जण छातीठोकपणे सांगतील की आमचे काम चोख आहे. आणि ते खोटे बोलत नसतील. बिघाड कोणा एकाच्या वहीत मावतच नाही. तो पाच वह्यांच्या मध्ये कुठेतरी सांडलेला असतो.

माझा पुतण्या रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पुरवठा विभागात आहे. त्याला हे गणित दाखवले तेव्हा तो हसला. म्हणाला, "नाना, हे तर आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. आमच्याकडे माल आला असं म्हणायचं कधी, तर वेळेवर आला, पुरा आला, न फुटता आला आणि कागद बरोबर असले तर. चारातलं एक चुकलं की ती ऑर्डर नापास. अर्धे मार्क नाहीत."

मी विचारले, "आणि अठ्ठ्याण्णव टक्के माल आला असं कोणी सांगितलं तर?"

"तर साहेब विचारतो, राहिलेला दोन टक्के कुठला? कारण तेवढ्यासाठी अख्खी लाइन बंद पडते."

एका यंत्राची लाइन बंद पडू नये म्हणून जी काटेकोर मोजणी होते, ती एका घराची चूल बंद पडू नये म्हणून का होऊ नये, हा माझा साधा प्रश्न आहे.

असे मोजणे आपल्या भागाला अगदीच नवे आहे असेही नाही. शिरूर आणि दौंड हे कालव्यांचे तालुके. दौंडला खडकवासल्याचा उजवा कालवा, शिरूरला चासकमान आणि घोड. कालव्याला आवर्तन सुटले की पेपरात धरणातून किती क्युसेक सोडले ते छापून येते. पण शेतकरी क्युसेक विचारत नाही. तो विचारतो, "टेलला पाणी पोचलं का?" वरच्या अंगाला ज्याचे शेत आहे त्याला पाणी मिळणारच. कालवा चालला की नाही याची परीक्षा शेवटच्या चारीवर होते. म्हणूनच पाणी टेलकडून वर, हेडकडे देत यावे असे पाटबंधारे खात्याचेच धोरण आहे. ते किती पाळले जाते हा भांडणाचा विषय, पण तत्त्व बरोबर आहे. रेशनलाही टेल असतो. रस्त्याच्या कडेचे मोठे गाव हे हेड आणि ओढ्यापलीकडची वस्ती हा टेल. पण धान्याच्या बाबतीत आपण अजून क्युसेकच छापतो आहोत.

दुसरी गोष्ट सरासरीची. आमच्या तरुणपणी दुष्काळ ठरायचा तो आणेवारीवर (पुढे तिची पैसेवारी झाली). गावातल्या काही शेतांतले पीक कापून, मोजून गावाची सरासरी काढायची. पन्नास पैशांच्या खाली आली तर दुष्काळ, वर गेली तर नाही. आता दौंड तालुका पाहा. भीमेच्या आणि कालव्याच्या काठाने ऊस, आणि कुरकुंभकडच्या माळाला जिरायत. शिरूरमध्ये भीमेकाठी हिरवेगार आणि पाबळ-केंदूरकडे वर्षानुवर्षे पाण्याची ओरड. अशा भागात सरासरी काढली की बागायतदाराचा ऊस कोरडवाहूवाल्याची बाजरी झाकून टाकतो. एकाच गावातही तेच. ज्याचे पीक गेले त्याला गावाच्या सरासरीने भाकरी मिळत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो यायचा. तो कोणी आवडीने खाल्ला नाही, पण ज्यांनी तो खाल्ला त्यांना विचारा. कधी येणार हे माहीत नसणे, हे मिलोच्या चवीपेक्षा वाईट होते.

विजेचे उदाहरणही घ्या. वीज वितरण हेही एक जाळेच आहे. वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार महावितरणला विश्वासार्हतेचे निर्देशांक जाहीर करावे लागतात. सरासरी ग्राहकाची वीज किती वेळा गेली हा एक आणि एकूण किती मिनिटे गेली हा दुसरा. यात दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे मोजणी ग्राहकाच्या बाजूने आहे. किती युनिट वीज बनवली याने काम भागत नाही, दिवा किती वेळ बंद होता ते विचारले जाते. दुसरे म्हणजे किती वेळा आणि किती वेळ हे वेगळे ठेवले आहे. दिवसातून दहादा दोन-दोन मिनिटे वीज जाणे आणि एकदाच वीस मिनिटे जाणे यांची बेरीज सारखी असली, तरी पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा, सारखे आहे का म्हणून. खोट एवढीच की इथेही शेवटी सरासरीच. पण निदान मोजायला सुरुवात तरी झाली आहे. धान्याला एवढेही नाही.

आणि मोजल्याशिवाय नुसता गाजावाजा केला तर काय होते याचेही उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यातले आहे. मुंबईचे डबेवाले! बहुतेक सगळे खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी या भागातले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केले. आज कुठल्याही व्यवस्थापनाच्या व्याख्यानात सांगतात की एक कोटी साठ लाख डब्यांत एक चूक, सिक्स सिग्मा दर्जा वगैरे. हा आकडा आला कुठून? १९९८ साली फोर्ब्स मासिकाच्या पत्रकाराने संघटनेच्या प्रमुखांना विचारले की चूक किती वेळा होते. ते म्हणाले, जवळजवळ नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एकदा. पत्रकाराने रोजचे पावणेदोन लाख डबे धरून भागाकार केला. ऐंशी लाखांत एक, आणि डबे परतही जातात म्हणून दुप्पट केले. झाला आकडा तयार. आपण सिक्स सिग्मा हा शब्दही वापरला नव्हता, असे त्याच पत्रकाराने पुढे स्पष्ट केले. पण तोवर व्याख्याने सुरू झाली होती.

डबेवाल्यांना कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ते भरवशाचे होते आणि आहेत, पण त्या आकड्यामुळे नव्हे. त्यांच्या कामाची रचनाच तशी आहे. गट लहान, प्रत्येक गटात अडीअडचणीला काही जादा माणसे, डब्यावर सगळ्यांना कळणारी खूण. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे डबा चुकला तर दुपारी एक वाजता भुकेलेल्या माणसाला ते कळते आणि संध्याकाळच्या आत डबेवाल्याला ऐकावे लागते. चूक आणि तिची खबर यांच्यात चार तासांचेही अंतर नाही. रेशनमध्ये चूक एका महिन्यात होते, तक्रार दुसऱ्या महिन्यात लिहिली जाते आणि चौकशी लागते तेव्हा ते धान्य, तो महिना आणि बहुधा तो पुरवठा निरीक्षकही बदललेला असतो.

आता थोडे माझ्या अनुभवातले. शाळेत पोषण आहार योजना १९९५ साली आली तेव्हा सुरुवातीला ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळे. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि पुढे शाळेत शिजवलेली खिचडी सुरू झाली. पहिली ते पाचवीला मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ. मी तेव्हा एका वस्तीवरच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. तांदळाच्या नोंदवहीत रकाने होते: आरंभीची शिल्लक, आवक, वापर, अखेरची शिल्लक. एका वर्षी पावसाळ्यात तांदूळ लांबला आणि सलग अकरा दिवस चूल पेटली नाही. नंतर दोन महिन्यांचा तांदूळ एकदम आला. ठेवायला जागा नाही, खाली ओल, वर उंदीर. पण वार्षिक तपासणीत आमची वही अगदी निर्दोष ठरली. आवक वजा वापर बरोबर शिल्लक. मुले किती दिवस उपाशी बसली याला रकानाच नव्हता. वर्षाअखेरीस मंजूर तांदळाची शंभर टक्के उचल झाली होती!

त्या अकरा दिवसांत हजेरी कशी घसरली हे मात्र दुसऱ्या वहीत, हजेरीपटावर होते. चौथीतली दोन मुले पुढे आलीच नाहीत, गुरांमागे गेली. या दोन वह्या शेजारी ठेवून पाहायचे काम कोणाचेच नव्हते. मी त्या ठेवून पाहिल्या, वर पत्रही पाठवले. उत्तर आले नाही. असो.

लहानशी बाब वाटते, पण भरवसा म्हणजे काय हे मला तिथे कळले. उशीर होणे आणि बेभरवशाचे असणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दौंडहून पुण्याला रोज जाणारे हजारो लोक आहेत. त्यांना विचारा. रोज वीस मिनिटे उशिरा येणारी गाडी परवडते. माणूस वीस मिनिटे उशिरा निघतो. पण आज वेळेवर, उद्या तास उशिरा आणि परवा रद्द, अशी गाडी असेल तर नोकरी जायची वेळ येते. धान्य दर महिन्याच्या पंधरा तारखेलाच येते असे ठरले, तर मजूर बाई पंधरा तारखेला खुरपणीला जाणार नाही, बाकीचे एकोणतीस दिवस जाईल. पण या महिन्यात सातला, पुढच्या महिन्यात सत्तावीसला, असे असले की ती रोज चौकशीला येते आणि दर फेरीला अर्धा रोज बुडतो. मोफत धान्याची ही किंमत कुठल्याच तक्त्यात नाही.

पॉस मशीन आल्यापासून परिस्थिती सुधारली हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. बोगस नावावर धान्य उचलणे अवघड झाले. कोणत्या कार्डावर, कोणत्या तारखेला, किती गेले हे आता संगणकावर दिसते. पण मशीनला दिसते ते झालेले वाटप. न झालेली फेरी त्याच्या महिनाअखेरच्या तक्त्यात येत नाही. आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत. जन्मभर खुरपून बोटांवरच्या रेघा झिजलेल्या. एकदा अंगठा जुळला नाही, एकदा रेंज नव्हती, एकदा मशीन चालू पण दुकानातला तांदूळ संपलेला. चौथ्या खेपेला धान्य मिळाले. तक्त्यात काय दिसले? वाटप पूर्ण. तीन खेपांचा, म्हणजे येऊन-जाऊन पंधरा-सोळा किलोमीटर पायपिटीचा पत्ता नाही. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, माझा अंगठा काय आता बदलून मिळायचा नाही."

आणखी एक आपल्याच भागातला प्रश्न. दिवाळीच्या सुमारास दोन्ही तालुक्यांत ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, बीडकडून, नगरच्या (आता अहिल्यानगर) पूर्व भागातून. चार-पाच महिने कोप्या घालून राहतात. त्यांचे नियतन त्यांच्या गावच्या दुकानाला, तोंडे मात्र इकडे. २०१९ पासून 'एक देश एक रेशन कार्ड' आल्यावर कुठल्याही दुकानात धान्य मागता येते, ही फार चांगली सोय आहे. पण इथल्या दुकानाचा साठा मुळात इथल्या कार्डांच्या हिशेबाने आलेला. कोप्यांवरची माणसे आली की दुकानदाराच्या पोटात गोळा येतो, कारण गावातल्या कार्डवाल्यांना कमी पडले तर शिव्या त्यालाच. ऊस कुठे, किती, कधी तुटणार हे कारखान्याला महिनोन् महिने आधी ठाऊक असते. त्याच कागदावरून धान्य कुठे लागेल हेही काढता येईल. माणसे कुठे जाणार हे ठाऊक असताना धान्य तिथे नसणे याला अचानक आलेली अडचण म्हणता येणार नाही.

२०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. रवा, चणाडाळ, साखर आणि तेल. कल्पना चांगली होती. पण अनेक ठिकाणी चारांतला एखादा जिन्नस आला नाही म्हणून वाटप रखडल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. मघाचेच गणित आहे. चार जिन्नस, प्रत्येक नव्वद टक्के वेळेवर, तर चारही एकत्र वेळेवर येण्याची शक्यता सुमारे पासष्ट टक्के. आणि दिवाळीचा रवा तुळशीच्या लग्नाला मिळाला तर तो वजनाने शंभर टक्के असला, तरी वरातीमागून घोडेच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुकानदार सगळे चोर असतात असे म्हणणे सोपे आहे. पण त्याला पोत्यात घट आली तर कोण भरून देतो? गाडी उशिरा आली तर लोक त्याच्याच दारात ओरडतात. त्याचे कमिशन क्विंटलमागे ठरलेले आणि तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, नेहमीच्या धान्याशिवाय माणशी पाच किलो मोफत तांदूळ याच साखळीतून गेला. सगळे जग दारे लावून बसलेले असताना हमाल, गाडीवाले, गोदामपाल आणि दुकानदार कामावर होते. ही साखळी मोडकी आहे असे मी म्हणत नाही. तिच्यावर सात कोटी माणसांचा भार आहे म्हणून ती नीट तपासत राहावी, एवढेच म्हणतो.

कोणी म्हणेल, गुरुजी, आणखी आकडे मागाल तर आणखी खोटे आकडे येतील. खरे आहे. शाळेत शंभर टक्के पटनोंदणीचा आदेश आला की कागदावर शंभर टक्के होतेच. म्हणून मोजणी ज्याचे काम मोजायचे त्याच्या हातात असू नये. तेलंगणात २०१८ साली रयतु बंधू योजनेत शेतकऱ्यांना धनादेश वाटायचे होते. तेव्हा अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने सरकारशी मिळून एक साधा प्रयोग केला. काही भागांतल्या अधिकाऱ्यांना आधी सांगितले की तुमचे काम आम्ही शेतकऱ्यांना फोन करून तपासणार आहोत. मग हजारो शेतकऱ्यांना खरोखर फोन केले: धनादेश मिळाला का, कधी मिळाला? त्या भागांत वाटप सुधारले. सुधारणा थोडी होती, पण फोनचा खर्च त्याहून फारच थोडा होता. ना नवे यंत्र, ना नवे खाते. ज्याला मिळायचे त्यालाच विचारले, बस.

आपल्याकडे हे सहज करता येईल. अनेक कार्डांना मोबाइल नंबर जोडलेला आहेच. तालुक्यातली शे-दोनशे घरे दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून निवडावीत, त्यातली निम्मी तरी वाड्या-वस्त्यांवरची, म्हणजे टेलची. त्यांना पाच प्रश्न विचारावेत. धान्य मिळाले का? कोणत्या तारखेला? किती किलो? किती खेपा झाल्या? खाण्याजोगे होते का? पाचही उत्तरे ठीक असतील तरच ते घर पास. उत्तरे दुकानाबाहेरच्या फळ्यावर आणि ग्रामसभेत वाचून दाखवावीत. सरासरी नंतर सांगा, आधी सगळ्यात मागे राहिलेल्या वस्तीचे नाव सांगा. कायद्यात दक्षता समितीही आहे आणि सामाजिक अंकेक्षणही. त्यांना वाचायला काहीतरी खरे मिळेल.

यात माझा एक स्वार्थी नसलेला पण घाईचा हेतू आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमात म्हटले आहे की हक्काचे धान्य पुरवता आले नाही तर त्या माणसाला अन्नसुरक्षा भत्ता मिळाला पाहिजे. पण कोणाला, कोणत्या महिन्यात मिळाले नाही याची नोंदच नसेल तर भत्ता मागायचा कशाच्या आधारावर? मोजणी नसली की हक्क कागदावर राहतो. आणि दुसरीकडे वेगळीच हवा वाहू लागली आहे. २०२३ साली राज्यातल्या चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी महिन्याला माणशी दीडशे रुपये खात्यात द्यायचे ठरले. आपला पुणे जिल्हा त्यात नव्हता. पैसे द्यावेत की धान्य, यावर शहाणी माणसे दोन्ही बाजूंनी बोलतात. पण धान्य पोचत नाही म्हणून पैसे द्या, असे कोणी म्हणू लागले, तर मी विचारीन की पोचत नाही हे तुम्ही मोजले कुठे? कोणती कडी तुटते ते न पाहता साखळीच काढून टाकली, तर धान्य आणण्याची जबाबदारी सरकारकडून त्या आजींच्या डोक्यावर जाते. वस्तीवरच्या किराणा दुकानातला भाव तर तिच्या हातात नाहीच.

आमच्या नात्यातली आणि तुमच्यातलीही बरीच मुले-मुली संगणकावर मोठमोठ्या कंपन्यांच्या मालाचा माग ठेवतात. एक खोके कुठल्या शहरात, कुठल्या गाडीत आहे हे त्यांना बसल्या जागी दिसते. त्यांनी सुट्टीत गावी आल्यावर एक काम करावे. आपल्या वस्तीवरच्या दहा घरांत जाऊन वरचे पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदावर लिहून ग्रामसभेत द्यावीत. शिरूर, दौंड, कुठलेही गाव चालेल. दहा घरांच्या कागदाला कोणी निर्देशांक म्हणणार नाही. पण तो शेवटच्या घरापासून लिहायला सुरुवात केलेला असेल.

तुमच्या गावात धान्य कोणत्या तारखेला येते, जरूर कळवा. नक्की तारीख सांगता आली नाही, तर तेही कळवा. माझ्या दृष्टीने तेही एक उत्तरच आहे.